वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून खंडणीपर्यंत

आमच्या कर्जत-खालापूरकडे कॉम्प्युटरला काहीही झालं, की एकच निदान होतं – ‘व्हायरस आलाय.’ मशीन हळू चालतंय, व्हायरस. फाइल सापडत नाही, व्हायरस. मोबाइल तापला, तरी व्हायरस. पूर्वी म्हैस दूध देईनाशी झाली, की म्हातारी माणसं ‘नजर लागली’ म्हणायची. त्या शब्दाची जागा आता या शब्दानं घेतली आहे. एका शब्दात सगळी कारणं मावली, की माणूस पुढचा शोध घ्यायचं थांबवतो.

श्रोते मित्रहो, मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. कॉम्प्युटरचं शास्त्र माझं नव्हे. पण शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे आणि चुकीच्या शब्दाची किंमत मोजावी लागते, एवढं मला ठाऊक आहे. मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू या तिन्हींना आपण घरात ‘ताप’च म्हणतो, पण डॉक्टरनं तेवढ्यावर औषध दिलं, तर रोगी दगावेल. कॉम्प्युटर आणि मोबाइलमध्ये शिरणाऱ्या नकोशा आणि घातकी प्रोग्रामांचंही तसंच आहे. त्यांना नावं देताना जाणकार दोन प्रश्न विचारतात. हा आत शिरला कसा? आणि आत शिरून करतो काय? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत गेल्या पन्नासेक वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि त्यातलं एक प्रकरण आपल्या रायगड जिल्ह्यात घडलेलं आहे.

सुरुवात ‘व्हायरस’ या शब्दापासूनच करू. लॅटिन भाषेत ‘व्हायरस’ म्हणजे विष. मराठीत ‘विषाणू’ हा शब्द घडवणाऱ्यांनी ते विष नेमकं जपलं. कॉम्प्युटरच्या बाबतीत हा शब्द रूढ केला तो फ्रेड कोहेन या अमेरिकन विद्यार्थ्यानं, १९८३-८४ च्या सुमारास. विषाणूची खूण अशी, की तो एकटा जगू शकत नाही. तो दुसऱ्या प्रोग्रामला चिकटतो आणि तो प्रोग्राम चालवला, की स्वतःच्या नकला काढतो. आंब्याच्या झाडावरचं बांडगूळ डोळ्यांपुढे आणा. मुळं जमिनीत नाहीत, फांदीत रुतलेली. झाड आहे तर बांडगूळ आहे.

१९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू बनवला. तो फ्लॉपीवरून पसरायचा. डॉक्टरांसाठी केलेला आपला प्रोग्राम लोक फुकटात कॉपी करतात, त्यांना चाप बसावा म्हणून हे केलं, असं ते सांगत. गंमत म्हणजे त्या विषाणूच्या पोटात दोघांची नावं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा होता. चोरानं घर फोडून जाताना दारात आपलं कार्ड ठेवून जावं, तसा हा प्रकार!

दोनच वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. त्याला चिकटायला दुसरा प्रोग्राम लागत नव्हता. तो स्वतःच्या पायांनी एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये जात होता. इंटरनेट तेव्हा लहान होतं. तरी अंदाजे सहा हजार मशीन त्यानं अडकवली. अशा प्रोग्रामला ‘वर्म’ म्हणतात, म्हणजे किडा. आपल्याकडचा शब्द वापरायचा, तर ही वाळवी. एका खोलीत लागली, की भिंतीतून वाट काढत पुढच्या खोलीत जाते. कुणी तिला उचलून न्यावं लागत नाही. मॉरिसवर खटला चालला आणि १९९० मध्ये त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली.

तिसरी जात ‘ट्रोजन’. ग्रीकांनी लाकडी घोडा भेट म्हणून दिला, ट्रॉयच्या लोकांनी तो स्वतःच वेशीतून आत ओढून घेतला आणि रात्री घोड्याच्या पोटातून सैनिक उतरले, ही ती कथा. ट्रोजन भिंत फोडत नाही. त्याला आपणच दार उघडतो. डिसेंबर १९८९ मध्ये जोसेफ पॉप या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालानं लोकांना पाठवल्या. त्यातली एक ज्यानं वापरली, त्याचं मशीन साधारण नव्वदाव्यांदा सुरू केल्यावर फाइलींची नावं कुलूपबंद झाली आणि पडद्यावर मागणी आली – १८९ डॉलर पनामातल्या टपालपेटीवर पाठवा. हे जगातलं पहिलं ज्ञात ‘रॅन्समवेअर’, म्हणजे खंडणीखोर प्रोग्राम. ट्रोजन हे शिरण्याच्या पद्धतीचं नाव झालं, तर रॅन्समवेअर हे कर्माचं. एकाच प्रोग्रामला दोन्ही नावं लागू पडू शकतात. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. जून १९९० मध्ये भारतात एक विषाणू सापडला. त्याचं नाव ‘जोशी’! आपल्या इतक्या ओळखीच्या आडनावाचा विषाणू जगभरच्या यादीत जाऊन बसला. तोही फ्लॉपीवरूनच पसरायचा आणि वर्षभर गप्प असायचा. ५ जानेवारीला मशीन सुरू केलं, की पडद्यावर ओळ उमटायची – ‘टाइप हॅपी बर्थडे जोशी’. तेवढे शब्द टाइप केले, की मशीन निमूट चालू. ना पैसे, ना धमकी. एका माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या, एवढंच मागणं. आज हे ऐकून हसू येतं. पण तेव्हा ज्याचं काम अडलं असेल, त्याला हसू आलं नसणार.

याच काळात पुण्यात एक वेगळी गोष्ट सुरू झाली. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे ते कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. येणाऱ्या कित्येक मशीनचा बिघाड तारांमध्ये नसून विषाणूंमुळे आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होते. त्यांनी विषाणू साफ करणारे प्रोग्राम लिहिले. त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्याला ‘क्विक हील’ बाजारात आलं आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. कसलाही मोठा वारसा नसताना मराठी घरातल्या दोन भावांनी हे उभं केलं, कारण ‘बिघाड झाला’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. कसला बिघाड, हे त्यांनी विचारलं.

नेमकं विचारण्याचा फायदा मी स्वतः अनुभवला आहे. पंधरा-एक वर्षांपूर्वी कर्जत स्टेशनजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात माझ्या कवितासंग्रहाचं काम चालू होतं. एक दिवस पेन ड्राइव्ह लावला, तर कवितांचं फोल्डर गायब; त्याच्या जागी त्याच नावाची बाण असलेली खूण. दुकानातला पोरगा म्हणाला, “चाचा, व्हायरसनं सगळं खाल्लं. फॉरमॅट मारतो.” फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. शेजारी बसलेल्या एका मास्तरांनी त्याचा हात धरला. ते म्हणाले, “अरे, ड्राइव्ह भरलेला दाखवतोय, मग खाल्लं कुठं?” त्यांनी लपवलेल्या फाइली दाखवण्याची आज्ञा दिली आणि माझ्या त्रेसष्ट कविता जागच्या जागी दिसू लागल्या. तो होता पेन ड्राइव्हवरून फिरणारा वर्म. तो फोल्डर खात नव्हता, फक्त लपवत होता आणि त्या खोट्या खुणेवर क्लिक केलं, की पुढच्या मशीनमध्ये जात होता. विषाणूनं न केलेलं नुकसान त्या दिवशी फॉरमॅटनं झालं असतं.

फ्लॉपी आणि पेन ड्राइव्हच्या हाताला ईमेलची जोड मिळाली, तेव्हा वेग बदलला. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून एक ईमेल निघाली. विषय – ‘आय लव्ह यू’. सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल. उघडली, की ती मशीनमधली चित्रं वगैरे नासवायची आणि पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना तीच ईमेल पाठवायची. एका दिवसात तिनं जग पालथं घातलं. म्हणजे पत्र येत होतं ते ओळखीच्याच माणसाकडून! प्रेमपत्र उघडण्याचा मोह जगात सगळ्यांना सारखाच असतो, हे कवींना आधीपासून माहीत होतं. त्या दिवशी ते कॉम्प्युटरवाल्यांनाही कळलं. तो प्रोग्राम लिहिणारा तरुण सापडला, पण फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदाच नसल्यानं तो सुटला.

आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमात ‘कॉम्प्युटर व्हायरस’ची व्याख्या आहेच, पण तिच्या शेजारी ‘कॉम्प्युटर दूषित करणाऱ्या आज्ञां’ची वेगळी व्याख्या आहे. माहिती बदलणाऱ्या, नष्ट करणाऱ्या, नोंदवून ठेवणाऱ्या किंवा बाहेर पाठवणाऱ्या आज्ञा तिच्यात येतात. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनीही जाणलं होतं, की एका शब्दात हे मावणार नाही.

नुसत्या ‘नोंदवून ठेवणाऱ्या आणि बाहेर पाठवणाऱ्या’ प्रोग्रामना ‘स्पायवेअर’ म्हणतात. हा घरातला खबऱ्या. काही मोडत नाही, म्हणून कळतही नाही. आपण टाइप केलेला पासवर्ड तो तिसऱ्याला कळवत असतो. दुसरा प्रकार ‘बॉट’ – तो आपलं मशीन दुसऱ्याच्या वेठीला धरतो. वीज आपली, मशीन आपलं, काम दुसऱ्याचं. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामनं घरोघरचे कॅमेरे आणि राउटर असे वेठीला धरून मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या.

याशिवाय काही प्रोग्राम घातकी म्हणावेत असे नसतात, पण नकोसे असतात. एखादी फुकट गोष्ट डाउनलोड करावी, तर तिच्या पाठीवर बसून आणखी दोन गोष्टी येतात आणि पडद्यावर जाहिरातींचा बाजार भरतो. हे ‘अ‍ॅडवेअर’. आपण न वाचता ‘मान्य’वर बोट ठेवलेलं असतं, त्यामुळे ती मंडळी कागदोपत्री निर्दोष ठरतात. नकोसं आणि घातकी यांतली रेघ इथं पुसट होते. मोबाइलवरून झटपट कर्ज देणारी अ‍ॅप आठवा. कर्ज घेताना फोनमधले सगळे नंबर आणि फोटो पाहण्याची परवानगी ती मागतात. हप्ता चुकला, की नातेवाइकांना फोन सुरू. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटानं २०२१ च्या अहवालात सांगितलं, की पाहणीत आढळलेल्या सुमारे ११०० कर्ज-अ‍ॅपपैकी ६०० बेकायदा होती. त्यांत विषाणू नव्हता, वर्म नव्हता. फक्त आपणच दिलेली परवानगी होती.

आता आपल्या जिल्ह्यातलं ते प्रकरण. २७ जून २०१७. उरणजवळच्या न्हावा-शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनल अचानक ठप्प झालं. क्रेन होत्या, माणसं होती, जहाजं होती. पण कुठला कंटेनर कुणाचा आणि कुठं जायचा, हे सांगणारे कॉम्प्युटर काळे पडले होते. पडद्यावर मागणी होती – ३०० डॉलरचे बिटकॉइन द्या. हातानं नोंदी करून जमेल तेवढं काम सुरू झालं. गाड्यांची कोंडी होऊ नये म्हणून वाहतूक नियंत्रण आणि पार्किंगच्या जागा असे उपाय बंदराला करावे लागले. पुण्याकडच्या कारखान्यांचा माल याच बंदरातून पनवेल-खालापूरमार्गे बोरघाट चढतो आणि उतरतो. खालापूरच्या टोलनाक्यावर उभं राहिलं, की एकामागून एक जाणारे कंटेनर दिसतात. त्यांची दोरी एका पडद्याला बांधलेली आहे, हे त्या आठवड्यात कळलं.

मूळ हल्ला आपल्यावर नव्हताच. तो होता युक्रेनवर. तिथं हिशेब आणि करासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मेडॉक’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हा प्रोग्राम दडवला होता. रोजचं, विश्वासाचं अपडेट म्हणून लोकांनी तो आत घेतला. म्हणजे शिरला ट्रोजनसारखा. आत आल्यावर अमेरिकी गुप्तचर यंत्रणेकडून चोरीला गेलेलं ‘इटर्नलब्लू’ नावाचं हत्यार आणि मशीनमध्येच सापडलेले पासवर्ड वापरून तो आपोआप पसरला. म्हणजे पसरला वर्मसारखा. पडद्यावर पैसे मागितले, म्हणजे तोंडवळा खंडणीखोराचा. पण अभ्यासकांनी तो उघडून पाहिला, तेव्हा दिसलं, की पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. खंडणीचा निव्वळ देखावा होता. हेतू होता पुसून टाकण्याचा. अशांना ‘वायपर’ म्हणतात. ‘पेट्या’ नावाच्या जुन्या खंडणीखोरासारखा दिसणारा, पण तो नसलेला, म्हणून याचं नाव पडलं ‘नॉटपेट्या’, म्हणजे ‘पेट्या नव्हे’. चार जाती एका अंगात! २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटननं यामागे रशियाचं लष्कर असल्याचं जाहीर केलं.

टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाला जगभरात पंचवीस ते तीस कोटी डॉलरचा फटका बसला. चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याचा मूळ नकाशा साठवणाऱ्या सगळ्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. एक तेवढी वाचली, ती आफ्रिकेतल्या घानामध्ये. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्यानं ते मशीन जाळ्यात नव्हतं! लोडशेडिंगनं कुणाचं भलं केल्याचं हे उदाहरण आमच्या भागातल्या लोकांना नक्की आवडेल. पण त्यातला धडा खरा आहे. जी प्रत मशीनपासून तोडून वेगळी ठेवलेली असते, तीच वाचते.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. ११ ऑगस्टला देश-विदेशातल्या एटीएममधून काही तासांत हजारो वेळा पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातूनही. घातकी प्रोग्रामनं केलं एवढंच, की ‘पैसे द्यायचे का?’ या एटीएमच्या प्रश्नाला बँकेच्या जागी बसून स्वतःच ‘द्या’ असं उत्तर दिलं. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं यात अकरा जणांना दोषी ठरवलं. ते मुख्यतः एटीएममधून पैसे काढणारे हात होते.

बंदर आणि बँक झाली, आता घर. आमच्याकडे निकाहची दावत असो की शेजारच्या घरातलं लग्न, पत्रिका आता व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ठगांनी तीच वाट पकडली आहे. पत्रिका, गाडीचं चलन, पीएम किसानचा हप्ता अशा नावानं फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं असतात. एपीके म्हणजे अ‍ॅप. पत्रिका कधीच अ‍ॅप नसते, ती फोटो किंवा पीडीएफ असते. ही फाइल उघडून परवानगी दिली, की ती आपले एसएमएस वाचते, बँकेचा ओटीपी उचलते आणि आपल्याच नावानं पुढे सगळ्यांना पत्रिका वाटते. शिरते ट्रोजनसारखी, वागते खबऱ्यासारखी. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण तोही फसलेलाच असतो. २००० सालचं ते प्रेमपत्र आठवलं ना? आमच्याकडे जमिनीचे व्यवहार चालू असतात. जमीन विकून आलेले पैसे एकाच खात्यात असलेला म्हातारा आणि त्याच्या हातातला मुलानं घेऊन दिलेला मोबाइल डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मी हे इतकं का सांगतोय ते कळेल.

या सगळ्या इतिहासात मागणं बदलत गेलं. अल्वी बंधूंनी आपला पत्ता दिला, जोशीनं शुभेच्छा मागितल्या, पॉपनं डॉलर मागितले, नॉटपेट्यानं मागण्याचं नाटक करून सगळं पुसलं. मशीनही बदललं, फ्लॉपी जाऊन मोबाइल आला. पण बहुतेक वेळा दार आतूनच उघडलं गेलं – फुकटाच्या लोभानं, घाईनं किंवा विश्वासानं. विश्वास टाकणं हा काही गुन्हा नव्हे. त्यावरच आपली गावं चालतात. म्हणून फसलेल्या माणसाला घरच्यांनी आधी हसू नये. त्यानं लाजून दोन दिवस लपवलं, तर पैसे दूर निघून जातात. लगेच १९३० या क्रमांकावर फोन केला, तर ते अडवता येण्याची शक्यता असते.

बाकी पथ्य सोपं आहे. अपडेट कंपनीच्या अधिकृत वाटेनंच घ्या आणि टाळू नका. ‘इटर्नलब्लू’ची फट बुजवणारं अपडेट हल्ल्याच्या तीन महिने आधीच आलेलं होतं. अ‍ॅप मागेल ती परवानगी देऊ नका. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे नंबर कशाला हवेत? महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या जागी, मशीनला न जोडता ठेवा. माझ्या कवितांची एक प्रत आता कागदावर, पत्र्याच्या पेटीत असते. आणि पुढच्या वेळी दुकानदार ‘व्हायरस आलाय, फॉरमॅट मारू?’ असं म्हणाला, तर त्याला थांबवून आधी विचारा – तो आला कुठून, आणि नेमकं करतोय काय?